होडीची शस्त्रक्रिया

आमलीतील दवाखान्यात दिवसभर बसणाऱ्या माणसाने होडीच्या दुरुस्तीविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु ७ वर्षांपूर्वी आम्ही तिघा मित्रांनी मिळून १६ फूट लांबीची एक जुनी फायबरची होडी विकत घेतली आणि खानवेलच्या पुढे दुधनी येथे, मधुबन धरणाच्या जलाशयावर ठेवली. त्या होडीच्या बाबतीत माझ्या हातून जी चूक घडली, ती एखाद्या रुग्णाच्या बाबतीत घडली असती तर मी स्वतःला क्षमा केली नसती. म्हणून हा लेख.

तिसऱ्या वर्षी, पावसाळा संपल्यावर, होडीच्या मागच्या पाटीवर एक बारीक चीर दिसली. याच पाटीवर इंजिन बसवलेले असते. मी ती जागा घासली, लांबी भरली, काचतंतूंच्या मॅटचे २ थर रेझीनने चढवले आणि वर रंग दिला. काम सुबक दिसत होते. त्या हिवाळ्यात एका रविवारी होडीत आम्ही ५ जण होतो. त्यांत आमच्या कंपाउंडरची ८ वर्षांची नातही होती. काठापासून बरेच आत गेल्यावर इंजिन मागे कलू लागले, पाटी वाकली आणि पाणी आत येऊ लागले. इंजिन बंद केले, सर्वांना पुढच्या बाजूस बसवले आणि वल्ही मारीत कसाबसा काठ गाठला. प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट होते, एवढेच काय ते पुण्य पदरी होते.

दुसऱ्या दिवशी सुताराने पाटीत पटाशी रोवली. ती मुठीपर्यंत आत गेली. तो म्हणाला, "साहेब, वरून धड आहे, आत भुसा झालाय." आत पू असताना जखम वरून शिवू नये, हे आपण विद्यार्थिदशेत शिकतो. मी नेमके तेच केले होते.

फायबरच्या होडीत लाकूड कोठून आले, असा प्रश्न अनेकांना पडतो. काचतंतू आणि रेझीन यांचे कवच मजबूत असले तरी पातळ असल्यामुळे वाकते. म्हणून इंजिनाची पाटी, तळाची फळी आणि आधाराच्या पट्ट्या यांत दोन कवचांच्या मध्ये प्लायवूड किंवा लाकूड घालतात. कवच अभंग आहे तोवर चिंता नसते. मात्र बोल्टसाठी पाडलेले प्रत्येक छिद्र हे पाण्याचे प्रवेशद्वार असते. तेथून शिरलेले पाणी बाहेर पडू शकत नाही.

लाकूड पाण्याने कुजत नाही. ते बुरशीने कुजते. बुरशीला अन्न, हवा, ऊब आणि ओलावा या चार गोष्टी लागतात. आपल्या हवेत पहिल्या तिन्हींची वाण नाही. आपल्या हाती आहे तो केवळ ओलावा. लाकडातील पाण्याचे वजन कोरड्या लाकडाच्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी राहिले, तर बुरशी वाढत नाही. खाऱ्या पाण्यात तिला तितके फावत नाही. गोडे पाणी, विशेषतः होडीत साचून राहणारे पावसाचे पाणी, हा जुन्या होडीचा खरा शत्रू होय.

आता निदान. पाटीवर नाण्याने किंवा छोट्या हातोडीने टिचक्या मारीत जावे. निरोगी जागी खणखणीत नाद येतो. कुजलेल्या किंवा कवच सुटलेल्या जागी तो बद्द होतो. ही पद्धत आपल्याला परकी नाही. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील एका खानावळवाल्याचा मुलगा लिओपोल्ड आउएनब्रुगर याने १७६१ साली छातीवर बोटे वाजवून निदान करण्याची रीत प्रसिद्ध केली. पिंपात मद्य किती आहे हे वाजवून ओळखण्याची रीत त्याने लहानपणी पाहिली होती, असे सांगतात.

यानंतर छेदन. बाहेरचे कवच तसेच ठेवून आतले कवच कापावे आणि कुजका भाग पूर्णपणे काढावा. शिवाय चांगल्या दिसणाऱ्या लाकडातही आणखी ५-६ इंच पुढे जावे, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून पुढे पोहोचलेले असतात. येथे काटकसर केल्यास व्याधी पुन्हा उद्भवते.

सर्वांत कठीण पथ्य म्हणजे धीर. राहिलेले लाकूड सुकू द्यावे लागते. मी त्याचा एक छोटा तुकडा अचूक काट्यावर तोलून, १०० अंशांहून किंचित अधिक तापमानाच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवला. १४ ग्रॅमचा तुकडा १० ग्रॅम झाला, म्हणजे ओलावा ४० टक्के! तो १४ टक्क्यांखाली येण्यास हिवाळ्याचे ७ आठवडे लागले. हे काम पावसाळ्यात करूच नये.

नव्या पाटीसाठी ७१० क्रमांकाच्या भारतीय मानकाचे मरीन प्लायवूड घेतले. रेझीन दोन प्रकारचे मिळते. पॉलिएस्टर स्वस्त असते, पण लाकडाला नीट धरत नाही. इपॉक्सी महाग, परंतु तिची पकड पक्की असते. म्हणून लाकडाच्या सर्व कडा इपॉक्सीने माखल्या. इपॉक्सीसोबत विणलेले कापड वापरावे. साध्या मॅटमधील तंतू जोडणारा पदार्थ पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नीट विरघळत नाही. जुन्या कवचाची कड जाडीच्या १२ पट अंतरापर्यंत उतरती घासावी, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीला ६० मिलिमीटर. त्यामुळे सांध्यावरील ताण विभागला जातो. बोल्टचे छिद्र आधी मोठे पाडून घट्ट इपॉक्सीने भरावे आणि ती सुकल्यावर तिच्यातूनच योग्य मापाचे छिद्र पाडावे. मग पाण्याला लाकूड भेटतच नाही.

डॉक्टर मित्रांसाठी दोन इशारे. पॉलिएस्टर घट्ट करणारे मिथिल इथिल कीटोन पेरॉक्साइड डोळ्यात उडाल्यास बुबुळाला गंभीर इजा होते. चष्मा अनिवार्य, उडालेच तर तत्काळ किमान १५ मिनिटे पाण्याने डोळा धुवावा आणि नेत्रतज्ज्ञाकडे जावे. हे द्रव्य आणि कोबाल्टचे द्रावण थेट एकत्र आल्यास स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट रेझीनमध्ये पूर्ण ढवळल्यानंतरच हे द्रव्य घालावे. दुसरे असे की, करोनाच्या काळात आपल्या परिचयाचा झालेला एन-९५ मुखपट काचेची धूळ अडवतो, स्टायरीनची वाफ अडवत नाही. तिच्यासाठी वेगळा मुखवटा लागतो. इपॉक्सी त्वचेला वारंवार लागल्यास कायमची अॅलर्जी जडते, हातमोजे घालावेत.

लाकूड आणि काचतंतू यांचे हे लग्न नीट लागले तर किती टिकते? नौदलाची 'म्हादेई' ही शिडाची नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी बांधली. तिचे अंग देवदारासारख्या हलक्या लाकडाच्या पट्ट्यांचे, वर काचतंतू आणि इपॉक्सीचे आवरण. याच नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसे करणारे ते पहिले भारतीय. दोष लाकडाचा नसतो, निष्काळजीपणाचा असतो.

आमची होडी आता ३ वर्षे सुखरूप चालते आहे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी आम्ही तिचे बोल्ट काढून पाहतो, ती उतरती ठेवून वर ताडपत्री घालतो आणि पाटी वाजवून घेतो. कंपाउंडरच्या नातीने वाजवण्याचे काम आपणहून स्वीकारले आहे. तिचा कौल मिळाल्याखेरीज आम्ही होडी पाण्यात ढकलत नाही.