कीटोच्या डोंगरावरचं एचसीजेबी

1931 च्या नाताळात इक्वेडोरची राजधानी कीटो इथून एचसीजेबी या ख्रिस्ती रेडिओ केंद्राचा पहिला कार्यक्रम झाला. तो ऐकू शकतील असे रेडिओ संच तेव्हा देशभरात बोटांवर मोजण्याइतकेच होते. ट्रान्समीटर मेंढ्यांच्या गोठ्यात बसवलेला. क्लॅरेन्स जोन्स शिकागोहून आलेले, ट्रॉम्बोन वाजवणारे. रूबेन लार्सन इक्वेडोरातच काम करणारे मिशनरी. केंद्र उभारणाऱ्या या दोघांनी मिळून सरकारकडून 25 वर्षांची परवानगी मिळवली होती. विषुववृत्ताजवळ, तेही डोंगराळ भागात, रेडिओ केंद्र काढू नका, असं जाणकारांनी बजावलं होतं. प्रत्यक्षात ती जागा उत्तर-दक्षिण दोन्हीकडच्या प्रक्षेपणाला फार सोयीची निघाली.

जागेने त्रासही दिला. कीटो समुद्रसपाटीपासून सुमारे 2,850 मीटर उंच, हवा विरळ. 1940 मध्ये 10 किलोवॉटचा ट्रान्समीटर आला आणि अँटेनाच्या दांड्यांच्या टोकांतून विजेचे लोळ उठू लागले. टोकं जळत, ॲल्युमिनियम वितळे. अभियंता क्लॅरेन्स मूर 1942 मध्ये सुट्टीसाठी समुद्रकाठच्या पोसोर्हाला गेले, तेही रेडिओची पुस्तकं सोबत घेऊन. अँटेनाला मोकळं टोकच ठेवायचं नाही, तार चौकोनात फिरवून बंद करायची, हा तोडगा त्यांना तिथे सापडला. तीच अँटेना पुढे 'क्यूबिकल क्वाड' म्हणून ओळखली गेली. जगभरचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, आजही ती घराच्या गच्चीवर उभारतात. प्रार्थनेवर भिस्त असलेल्या माणसांनी अभ्यासात जराही हयगय केली नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

पुढे पसारा वाढत गेला. 1941 मध्ये रशियन प्रक्षेपण सुरू झालं, 1955 मध्ये कीटोत व्होझान्देस रुग्णालय निघालं. विजेसाठी पापायाक्ताला स्वतःचं जलविद्युत केंद्र बांधलं. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते किचुआ भाषेतलं प्रक्षेपण. शहरात हिणवली जाणारी आपली बोली डोंगरातल्या शेतकऱ्याला रेडिओवरून ऐकू येणं ही साधी गोष्ट नव्हती. दूरदेशीच्या श्रोत्यांसाठी 'डीएक्स पार्टी लाइन' हा कार्यक्रम होता. पत्र पाठवून केंद्राचं क्यूएसएल कार्ड, म्हणजे प्रक्षेपण ऐकल्याची पोचपावती, मिळवणं हा शॉर्टवेव्हच्या नादिष्टांचा मोठा आनंद असे.

मग कीटोचा नवा विमानतळ शहराबाहेर ताबाबेलाला बांधायचं ठरलं आणि जवळच्या पिफोतले एचसीजेबीचे प्रक्षेपणाचे उंच मनोरे विमानांच्या वाटेत आले. 2009 मध्ये पिफोचं शॉर्टवेव्ह प्रक्षेपण थांबलं. त्याआधीच, 2003 मध्ये, याच परिवाराचं केंद्र ऑस्ट्रेलियात कुनुनुरा इथे सुरू झालं होतं; तिथून आशियासाठी हिंदीतही कार्यक्रम होऊ लागले. कीटोत मात्र एचसीजेबी एफएमवर राहिलं, आसपासच्या श्रोत्यांसाठी स्पॅनिशमध्ये बोलत.