लहान पेटींतला संगणक

संगणकाचे सुटे भाग आणून तो घरींच जोडणें ही गोष्ट आतां शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत नवलाची राहिलेली नाहीं. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर हातांत यादी घेऊन एका दुकानांतून दुसऱ्यांत शिरणारे विद्यार्थी, आणि पाकीट सांभाळीत त्यांच्या मागून चालणारे वडील, सहज दृष्टीस पडतात. या यादींत अलीकडे पुष्कळदां एक अट असते : यंत्र लहान हवें. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत मोठी पेटी ठेवण्यास जागा नसते; आणि त्याच यंत्रावर दिवसा प्रोग्रॅम लिहावयाचे व रात्रीं खेळ खेळावयाचे असतात. मागणी रास्त आहे. परंतु मोठ्या यंत्राची रीत लहानास लावल्यास पैसे पाण्यांत जाण्याचा संभव फार. कारण खोकें फोडलेला भाग दुकानदार सहसा परत घेत नाहीं.

मोठें यंत्र जुळवितांना प्रथम प्रोसेसर ठरवितात, मग ग्राफिक्स कार्ड, आणि उरलेल्या पैशांत एकादी पेटी. लहान यंत्रांत हा क्रम उलटा करावा लागतो. पेटी अगोदर, तिच्यांतून किती उष्णता बाहेर पडेल याचा अंदाज त्यानंतर, आणि प्रोसेसर व कार्ड सर्वांत शेवटीं.

अशा यंत्रांचा पाया म्हणजे मिनी-आयटीएक्स नांवाचा मदरबोर्ड. २००१ सालीं तैवानच्या व्हिया या कंपनीनें तो पुढें आणला. नेहमींचा एटीएक्स मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरांचा असतो. हा १७० मिलिमीटरांचा चौरस. त्यावर कार्डासाठीं एकच खांच आणि रॅमसाठीं बहुधा दोनच जागा असतात. या दोन जागांचा विचार पहिल्याच दिवशीं करावा लागतो. आज आठ-आठ गीगाबाइटच्या दोन पट्ट्या बसविल्या, तर पुढें वाढ करावयाची म्हणजे त्या दोन्ही काढूनच टाकावयाच्या. प्रोग्रॅम लिहिणाराला ३२ गीगाबाइट आरंभींच घेणें शेवटीं स्वस्त पडतें.

पेटीचें माप कसें वांचावें, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. स्वीडनच्या फ्रॅक्टल कंपनीनें २०२३ सालीं टेरा नांवाची १०.४ लिटरांची पेटी काढली; आकारमानानें ती एका मध्यम बादलीएवढी. तिच्या पोटांत एक उभा पडदा असून त्याच्या एका अंगास मदरबोर्ड व दुसऱ्या अंगास ग्राफिक्स कार्ड बसतें. हा पडदा सरकतो. मदरबोर्डाकडे अधिक जागा दिली कीं प्रोसेसरवर उंच पंखा बसतो, पण तेवढेंच मिलिमीटर कार्डाच्या जाडींतून कमी होतात. वाटणी भावाभावांची, एकाला दिलें तें दुसऱ्याचें गेलें. म्हणून कार्डाची लांबी, रुंदी व जाडी, आणि पंख्याची उंची, हीं चार मापें कागदावर मांडल्यावांचून खरेदीस निघूं नये. लांबी सर्वच पाहतात. फसगत बहुधा जाडींत होते.

आतां उष्णता. संगणक जी वीज घेतो ती जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकतो. २०२३ सालचें आरटीएक्स ४०६० हें कार्ड ११५ वॅटपर्यंत वीज घेतें. त्याच वर्षींच्या रायझेन ७ ७७०० या प्रोसेसरवर ६५ वॅट असा आंकडा छापलेला असला तरी प्रत्यक्षांत तो ८८ वॅटपर्यंत जातो; छापील आंकड्यावर विसंबणाराची येथें निराशा होते. दोन्ही मिळून दोनशें वॅट झाले. साठ वॅटचे तीन जुने दिवे एका बंद बादलींत पेटवून ठेवावे, तसा हा प्रकार. खोलीची हवा दहा अंशांनीं तापली म्हणजे आंतले भागही सुमारें तितकेच अधिक तापतात. नागपुरास मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. हा प्रोसेसर ९५ अंशांस पोंचला कीं आपण होऊन वेग कमी करतो. महागडा वेग विकत घेऊन तो दुपारीं वापरतां न येणें, हा सौदा कोणास परवडेल?

सुदैवानें येथें एक उपाय आहे, आणि त्यास पैसा लागत नाहीं. प्रोसेसरचा वेग वाढवावयाचा तर विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि खर्च होणारी शक्ति दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. त्यामुळें वेगाचा शेवटचा थोडासा अंश फार महाग पडतो. ७७००एक्स हा थोरला भाऊ १४२ वॅटपर्यंत जातो. बायोसमधील ईको मोडनें त्याला ८८ वॅटवर बांधल्यास वीज तिसऱ्या हिश्शाहून अधिक वांचते, पण वेग त्या मानानें फारच थोडा घटतो. कार्डाचीही मर्यादा अशीच उतरवितां येते.

प्रोसेसर कोणता, हें कामावर अवलंबून आहे. मोठे प्रोग्रॅम कंपाइल करतांना काम अनेक कोअरांत वांटलें जातें. तेथें बारा कोअरांचा रायझेन ९ ७९०० उपयोगी, आणि त्याचाही छापील आंकडा ६५ वॅटच आहे. खेळांस कोअरांपेक्षां जवळची स्मृति मानवते. ७८००एक्स३डी मध्यें कोअर आठच, पण कॅशे ९६ मेगाबाइट. विद्यार्थ्याचें मुख्य काम प्रोग्रॅमिंगचें असेल तर पहिला घ्यावा, आणि खेळाची हौस कार्डावर भागवावी.

पॉवर सप्लाय एसएफएक्स मापाचा, म्हणजे १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटरांचा, घ्यावा. येथें स्वस्ताई करूं नये.

टेरासारख्या पेटींत कार्ड मदरबोर्डास थेट जोडलेलें नसतें. मध्यें रायझर नांवाची चपटी केबल असते. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या केबलीवर चवथ्या पिढीचें कार्ड लावल्यास पडदा काळाच राहतो किंवा खेळ मध्येंच बंद पडतो, आणि दोष कार्डावर येतो. अशा वेळीं कार्ड घेऊन दुकानीं धांवण्यापूर्वीं बायोसमध्यें त्या खांचेचा वेग तिसऱ्या पिढीवर आणून पहावा. पडदा दिसेना झाला असल्यास तेवढ्यापुरती मॉनिटरची तार मदरबोर्डासच लावावी.