फ्रेंच येतं, तरी लेखनात मार्क का जातात? पत्र, निरोप, लेख यांचे साचे समजून घ्या

वडोदरा : सुभानपुरा, इलोरा पार्क, गोरवा या भागात आयईएलटीएसच्या पाट्यांच्या जोडीला आता फ्रेंच आणि जर्मनच्या पाट्याही दिसतात. कुणाला फ्रान्समध्ये शिकायचंय, कुणाला कॅनडाला जायचंय, तर कुणाची मुलगी शाळेत दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून फ्रेंच शिकतेय. यात पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहणारी मराठी घरंही आहेत. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी आणि त्यावर ही चौथी भाषा. पुणे, बेळगाव, पणजीतल्या विद्यार्थ्यांचीही अवस्था थोड्याफार फरकाने अशीच.

बहुतेकांची तक्रार एकच असते. व्याकरण पाठ आहे, शब्द येतात, तरी लेखनात गुण कमी पडतात. त्याचं एक मोठं कारण म्हणजे मजकुराचा साचा. मैत्रिणीला लिहायचा निरोप, महापौरांना लिहायचं पत्र आणि मासिकासाठीचा लेख, तिन्ही एकाच पद्धतीने लिहिले जातात. परीक्षक फक्त चुका मोजत नाही. सांगितलेलं काम झालं का, आणि ज्याला लिहिलं त्याला शोभेल अशी भाषा वापरली का, यालाही गुण असतात.

कोणत्या पातळीला काय लिहावं लागतं?

डेल्फ ही फ्रान्सच्या शिक्षण खात्याची परीक्षा. प्रौढांसाठीच्या डेल्फमध्ये लेखनाचा भाग साधारण असा असतो :

- ए१ : ३० मिनिटं. एक फॉर्म भरायचा आणि किमान ४० शब्दांचा साधा निरोप किंवा पोस्टकार्ड.
- ए२ : ४५ मिनिटं, प्रत्येकी किमान ६० शब्दांचे दोन मजकूर. एकात अनुभव सांगायचा, दुसऱ्यात आमंत्रणाला उत्तर, आभार, माफी किंवा विनंती.
- बी१ : ४५ मिनिटं, किमान १६० शब्द. पत्र, लेख किंवा निबंधातून स्वतःचं मत.
- बी२ : १ तास, किमान २५० शब्द. औपचारिक पत्र किंवा लेख, आणि त्यात मुद्देसूद बाजू मांडणं.

श्रवण, वाचन, लेखन, संभाषण या चारही भागांना २५-२५ गुण. पास व्हायला एकूण ५० लागतात आणि कुठल्याही भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. म्हणजे बाकीचं उत्तम असूनही फक्त लेखनात नापास होता येतं.

पहिला प्रश्न : 'तू' की 'तुम्ही'?

इथे मराठी मुलांचा खरं तर फायदा आहे. फ्रेंचमध्ये 'त्यू' म्हणजे आपलं 'तू' आणि 'व्हू' म्हणजे 'तुम्ही'. गुजरातीतही 'तुं' आणि 'तमे' आहेच. पण मुलं इंग्रजीतून विचार करतात. तिथे सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे पत्र 'व्हू'ने सुरू होतं आणि तिसऱ्या ओळीत 'त्यू' येतं. मराठीत मुख्याध्यापकांना 'आपण परवानगी द्यावी' लिहून पुढे 'तुझं उत्तर कळव' असं कुणी लिहील का? फ्रेंच वाचणाऱ्याला ते तितकंच खटकतं.

म्हणून पेन उचलण्याआधी ठरवा : कोण लिहितंय, कुणाला आणि कशासाठी? मग शेवटपर्यंत तेच संबोधन ठेवा.

एक फरक मात्र ध्यानात असू द्या. आपण आजी-आजोबांना 'तुम्ही' म्हणत असू, पण आजच्या फ्रेंच घरांत आजीलाही बहुधा 'त्यू'च म्हणतात. उलट अनोळखी मोठ्या माणसाला किंवा दुकानदाराला 'व्हू'.

घरगुती पत्र आणि ईमेल

वर उजवीकडे गाव आणि तारीख. महिन्याचं नाव मोठ्या अक्षराने सुरू करायचं नाही, ही इंग्रजीची सवय इथे नडते. मायना 'शेर' (प्रिय) असा. मित्र असो वा मैत्रीण, उच्चार एकच, पण स्पेलिंग बदलतं. मैत्रिणीसाठी शेवटी 'ई' हे अक्षर वाढतं आणि मधल्या 'ई'वर चिन्ह येतं. पहिल्याच शब्दातली ही चूक लगेच डोळ्यांत भरते. शेवटी 'आ ब्यँतो' (लवकरच भेटू) किंवा 'आमिकालमाँ' (स्नेहपूर्वक) पुरे.

आमंत्रण नाकारायचं असेल तर चार पायऱ्या ठेवा : आभार, नकार, कारण, दुसरा दिवस सुचवणं. नुसतं 'येऊ शकत नाही' लिहिलं तर काम अर्धंच झालं.

औपचारिक पत्र

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. शाळेत शिकलेल्या इंग्रजी पत्राच्या जुन्या साच्यात पाठवणाऱ्याचा पत्ता उजवीकडे असतो. फ्रेंचमध्ये उलट. पाठवणारा वर डावीकडे, ज्याला पत्र जायचं तो थोडा खाली उजवीकडे. मग गाव-तारीख, मग 'ऑब्झे' म्हणजे विषय.

नाव माहीत नसेल तर मायना 'मादाम, मस्य' एवढाच. अनोळखी अधिकाऱ्याला 'शेर' लिहायचं नाही, आणि मायन्यात 'मस्य'पुढे आडनावही जोडायचं नाही. पहिल्या परिच्छेदात मी कोण आणि का लिहितोय, दुसऱ्यात अडचण किंवा मुद्दे, तिसऱ्यात नेमकी मागणी.

शेवटचं वाक्य लांबलचक असतं. त्याचा आशय असा : महोदया, महोदय, माझ्या आदरपूर्वक नमस्काराचा स्वीकार करावा ही विनंती. वर जो मायना लिहिला तोच या वाक्यात पुन्हा यायला हवा. मुलांना हे कृत्रिम वाटतं. पण 'सा.न.वि.वि.' आणि 'कळावे, लोभ असावा' यांवर वाढलेल्या आजोबांना विचारा. पत्राला मायना आणि शेवट हवाच, हे ते लगेच सांगतील. बडोद्याला तर दफ्तरी भाषेची परंपराच आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ मध्ये, राज्यकारभारातल्या शब्दांना अनेक भाषांतले पर्याय देणारा 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु' निघाला होता.

लेख आणि बातमी

लेखाला मायना नसतो आणि 'आपला विश्वासू'ही नसतं. मथळा, त्याखाली दोन-तीन ओळींचा सारांश, मग परिच्छेद. मत मांडताना आधी, शिवाय, मात्र, शेवटी असे जोडशब्द लागतात : 'दाबोर', 'आँस्वीत', 'सपाँदाँ', 'आँफँ'. प्रत्येक मुद्द्याला एक उदाहरण द्या. ते वडोदऱ्यातलं असलं तरी चालतं.

कॅनडाच्या तयारीत असणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. एक्सप्रेस एंट्रीत फ्रेंचचे गुण मिळवायला डेल्फचं प्रमाणपत्र चालत नाही. तिथे 'टेफ कॅनडा' किंवा 'टीसीएफ कॅनडा' लागते. डेल्फ आयुष्यभर वैध असतं, या परीक्षांचा निकाल मात्र २ वर्षंच. चुकीच्या परीक्षेची तयारी केली तर फी आणि महिने दोन्ही जातात.

साचेही वेगळे आहेत. टेफ कॅनडात ६० मिनिटांत दोन कामं. एका बातमीची सुरुवात दिलेली असते, ती किमान ८० शब्दांत पुढे न्यायची. दुसरं म्हणजे वर्तमानपत्राला किमान २०० शब्दांचं मतप्रदर्शक पत्र. बातमीत 'मी' आणायचा नाही. काय घडलं, कुठे, कुणी पाहिलं, पुढे काय झालं, एवढंच. रोज एखादी छोटी स्थानिक बातमी वाचून ती फ्रेंचमध्ये सांगायचा सराव करा.

लहान पण महागात पडणाऱ्या गोष्टी

- डेल्फमध्ये दोन मोकळ्या जागांमधला भाग म्हणजे एक शब्द. 'सेतादीर'सारखा जोडरेघांचा लांब शब्दही एकच धरला जातो. किमान मर्यादेच्या थोडं वरच थांबा.
- संगणकावर टाइप करताना प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, अर्धविराम आणि विसर्ग-टिंबांच्या आधी फ्रेंचमध्ये जागा सोडतात.
- तासाभराच्या पेपरात पहिली दहा मिनिटं आराखड्याला आणि शेवटची दहा तपासणीला ठेवा. तपासताना आधी मायना, 'त्यू-व्हू' आणि शेवट बघा, मग क्रियापदं.

घरी सरावासाठी सोपा उपाय : एकच विषय घ्या, समजा सोसायटीत पाणी येत नाही. तोच मैत्रिणीला ६० शब्दांत, पालिकेला १६० शब्दांत आणि लेख म्हणून २५० शब्दांत लिहा. तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. वाचणारा बदलला की भाषा कशी बदलते, हे या तीन कागदांवर दिसलं पाहिजे.