जौहरी पात्यांची परीक्षा

जुन्या तलवारींच्या पात्यांवर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी दिसते, ती कोणी व कशानें काढिली, अशी पृच्छा संग्राहकांकडून आम्हांस वारंवार होते. तीस उत्तर असें कीं, ही नक्षी वरून काढिलेली नसते. ती पोलादाच्या पोटांतच असते.

फारसींत जौहर म्हणतात ती हीच. दक्षिणेंत लोखंड, बहुधा लांकडाचे तुकडे व पानें यांसह, मातीच्या बंद मुशींत वितळवीत आणि सावकाश निवूं देत. अशा पोलादांत कार्बन सामान्यतः शेंकडा १.२ ते १.८ असे. त्याचें लोहाशीं झालेलें कठीण संयुग कणरूपानें वेगळें होई, आणि मंद आंचेवर गड्डा पुनःपुन्हां ठोकला जात असतां त्या कणांच्या रांगा बनत. पात्यास हिराकसाचें पाणी लाविलें म्हणजे भोंवतालचें लोह काळवंडतें व रांगा उजळ दिसतात. लोहाराची आंच अधिक झाली कीं कण विरून नक्षी नाहींशी होई. म्हणून जौहर ही कारागिराच्या संयमाचीहि साक्ष होय. तेलंगणांतील निजामाबाद जिल्ह्यांतलें कोनसमुद्रम् हें या पोलादाचें प्रसिद्ध ठाणें असून तेथें इराणी व्यापारी खरेदीस येत. तेथील कृतीचें वॉयझीकृत वर्णन १८३२ सालीं कलकत्त्यास छापलें गेलें.

मात्र जौहर नाहीं म्हणून पातें हलकें, असें अनुमान करूं नये. मराठ्यांच्या फिरंगींत युरोपांत घडलेलीं पातीं येथील मुठींत बसविलेलीं आढळतात. पातें मुठींत लाखेनें बसवीत, त्यामुळें तें बदलणें सुलभ असे. सबब मुठीवरून पात्याचा, किंवा पात्यावरून मुठीचा काळ ठरवूं नये. दोहोंची साक्ष स्वतंत्रपणें घ्यावी.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, गंज दिसतांच पातें वाळूनें किंवा सहाणेवर घांसूं नये. घासल्यानें लपलेली जौहर जाणत्याच्या हातून पुनः प्रकट होऊं शकेल. परंतु सोन्याच्या तारेनें बसविलेलीं अक्षरें व कारागिराचे उथळ ठसे एकदां गेले कीं परत येत नाहींत. जुन्या कागदावरील पुसट मोर्तब खरवडून कोणी कागद स्वच्छ करीत नाहीं. तोच विवेक पात्याविषयींहि बाळगावा. हलकें तेल लावून पातें कोरड्या जागीं ठेवावें, व अक्षरांचे आणि ठशांचे छाप घेऊन जपावे.