नेटरनरची मर्यादा

माइक पाँडस्मिथ यांचा 'सायबरपंक' हा टेबलाभोंवतीं बसून, भूमिका घेऊन खेळावयाचा खेळ १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील 'नेटरनर' परक्याच्या संगणकांत शिरतो. जुन्या आवृत्त्यांत तो एकटाच तिकडे रमे आणि बाकीचे खेळगडी ताटकळत बसत. २०२० सालच्या 'सायबरपंक रेड'नें हा दोष काढला. आतां प्रवेशाच्या जागेपासून सहा मीटरांच्या आंत त्याला स्वतः हजर राहावें लागतें. त्या वेळीं पहारा मित्रांनींच करावयाचा.

आंतील रचना घाटकोपरच्या एखाद्या उंच इमारतीसारखी, मजल्यावर मजला अशी असते. वाटेंतील कुलूप उघडणें हें कौशल्याचें काम. दहा अंकी फाशाचें दान अधिक 'इंटरफेस'ची पायरी, ही बेरीज ठरलेल्या अंकाहून जास्त भरली पाहिजे.

प्रोग्रॅमचें तसें नाहीं. तो जवळ असणें वेगळें नि चालू असणें वेगळें. नवखे गडी येथेंच फसतात. साधारण प्रतीच्या यंत्रांत सातच जागा असतात, आणि प्रोग्रॅम चालू करण्यांत एक कृति खर्च होते. पहिल्या तीन पायऱ्यांवर फेरीला कृति दोनच. 'आर्मर' चालू केला, तर मेंदूवरील प्रत्येक आघातांतून चार वजा होतात. पण त्या फेरींत हल्ल्याला एकच कृति उरते.

या काटकसरीमुळेंच नेटरनरला सोबत्यांची गरज भासते, आणि खेळ सर्वांचा राहतो.