सांता मारिया कुठे आहे?

नागासाकी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? अणुबाँब. शाळेच्या इतिहासात हिरोशिमाच्या जोडीनं तिचं नाव यायचं आणि धडा संपायचा. पण मैत्रिणींनो, आपल्या वसईचं आणि नागासाकीचं नातं त्या बाँबच्याही साडेतीनशे वर्षं आधीचं आहे.

वसईत गेलात तर गोन्सालो गार्सिया हे नाव जागोजागी दिसतं. किल्ल्यात त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं चर्च आहे, गावात त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा माणूस जपानपर्यंत पोचला, तिथली भाषा शिकला, पुढे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला आणि परदेशी फादरांचा दुभाषा म्हणून काम करू लागला. त्या वेळचे जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांची मर्जी फिरली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून मारलं. त्यातले एक आपले गोन्सालो. १८६२ साली पोपनी या सगळ्यांना संतपद दिलं. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

किल्ल्यातलं ते चर्च पाहिल्यापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न होता. आपला माणूस जिथं मारला गेला, त्या गावाचं पुढं काय झालं? मिळेल ते वाचत गेले आणि हाती लागली उराकामीची गोष्ट. एका धर्मग्रामाच्या जन्माची गोष्ट. धर्मग्राम म्हणजे पॅरिश. एक चर्च, एक फादर आणि त्यांच्याशी बांधलेली आसपासची कुटुंबं. वसईकडच्या मैत्रिणींना हे सांगायला नको. पण चर्च नाही, फादर नाही, तरी धर्मग्राम आहे, असं कधी ऐकलंय? उराकामीत तसंच होतं आणि ते थोडंथोडकं नाही, दोनशेहून जास्त वर्षं.

उराकामी हे नागासाकीच्या उत्तरेकडचं शेतकऱ्यांचं खेडं. आता ते शहरातच आलंय. सोळाव्या शतकात तिथले बहुतेक लोक ख्रिस्ती झाले होते. १६१४ साली जपानच्या राज्यकर्त्यांनी देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. चर्च पाडली, फादरांना हाकललं. जे लपून राहिले त्यांना शोधून मारलं. शेवटचा फादर १६४४ साली मारला गेला. त्यानंतर दोन शतकं उराकामीतल्या लोकांना फादर म्हणून कुणी दिसलाच नाही.

प्रत्येक घराला बौद्ध मंदिरात नाव नोंदवावं लागे. शिवाय दरवर्षी एक परीक्षा असे. गावच्या पाटलाच्या वाड्यावर सगळ्यांना बोलवायचे. जमिनीवर येशूची किंवा मारियेची प्रतिमा ठेवलेली. एकेकानं पुढं येऊन तिच्यावर पाय द्यायचा. म्हाताऱ्यांना सूट नाही, आजाऱ्यांना नाही, अंगावरच्या लेकरांनाही नाही. तान्ह्याचा पाय आईनंच त्या प्रतिमेला लावायचा. जो पाय देणार नाही तो ख्रिस्ती, आणि त्याची शिक्षा मरण.

काय केलं असेल त्या आयांनी? बहुतेकींनी पाय दिला. घरी आल्या, दार लावलं आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. 'कोन्चिरिसान' म्हणायचे तिला. मूळ पोर्तुगीज शब्द जपानी जिभेवर असा वळला होता. पुढच्या वर्षी पुन्हा वाडा, पुन्हा पाय, पुन्हा प्रार्थना. अशा किती पिढ्या! प्राण देणाऱ्यांना आपण हुतात्मा म्हणतो, आणि म्हणायलाच हवं. पण लेकरं जगवण्यासाठी दरवर्षी मन मारणाऱ्या या बाईला काय म्हणायचं? मला तरी तिला भित्री म्हणवत नाही. ती पाय देऊन घरी आली म्हणून पुढची पिढी उरली आणि त्या पिढीला प्रार्थना शिकवायलाही कुणी तरी उरलं.

गावानं आपली एक गुप्त व्यवस्था लावली होती. एक जण पंचांग सांभाळायचा, म्हणजे सण कधी, उपवास कधी हे सांगायचा. दुसरा पाणी घालून बाप्तिस्मा द्यायचा. तिसरा हे निरोप घरोघर पोचवायचा. ही पदं पुरुषांची. पण आज काय शिजवायचं नाही, आज शेतावर जायचं नाही, हे पाळलं जातं ते घरात. आणि घरात, चुलीशी कोण असतं हे मी तुम्हाला काय सांगू!

प्रार्थनांना ते 'ओराशो' म्हणत. त्या लिहून ठेवणं जिवाशी खेळ, म्हणून सगळ्या तोंडपाठ. लॅटिन, पोर्तुगीज आणि जपानी शब्दांची ती सरमिसळ. काळाच्या ओघात कित्येक शब्दांचा अर्थ हरवला, चाल मात्र राहिली. मला इथं माझी आजी आठवते. तिला अक्षर येत नव्हतं, पण जात्यावरच्या ओव्या एकामागून एक चालायच्या. काही शब्द असे, की तिलाही अर्थ सांगता यायचा नाही. "माझी आई असंच म्हणायची," एवढंच तिचं उत्तर. लिहिता न येणाऱ्या बायकांनी किती काय काय वाहून आणलंय, नाही?

या लोकांच्या घरात मारियेची मूर्ती असणं शक्यच नव्हतं. मग ते चिनी मातीची कान्नोनची मूर्ती ठेवत. कान्नोन ही बौद्धांची करुणेची देवता. कडेवर बाळ असलेली कान्नोन दिसली तर शिपायाला संशय यायचा नाही आणि घरच्यांना तिच्यात मारिया दिसायची. ही कान्नोन म्हणजे मूळचा आपल्याकडचा अवलोकितेश्वर. वसईहून फार लांब नसलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत त्याची शिल्पं आहेत. देवसुद्धा किती लांबचा प्रवास करतात!

एकोणिसाव्या शतकात जपाननं परदेशी जहाजांना बंदरं खुली केली. नागासाकीत राहणाऱ्या परदेशी लोकांसाठी फ्रेंच फादरांनी ओउरा भागात चर्च बांधलं. फेब्रुवारी १८६५ मध्ये ते खुलं झालं आणि नाव दिलं त्या २६ हुतात्म्यांचं. म्हणजे आपल्या गोन्सालोंचंही. जपानी माणसांना मात्र ख्रिस्ती होण्याची बंदी कायमच होती.

१७ मार्च १८६५, शुक्रवार. दुपारची वेळ. चर्चच्या दारात बारा-पंधरा शेतकरी बाया-माणसं उभी होती. फादर पेतिजाँ यांनी दार उघडलं आणि आत जाऊन प्रार्थनेला बसले. एवढ्यात चाळिशी-पन्नाशीतली एक बाई त्यांच्याजवळ आली. छातीवर हात ठेवून हळूच म्हणाली, आमचं मन आणि तुमचं मन एकच आहे. आणि लगेच तिनं विचारलं, सांता मारिया कुठे आहे?

ही बाई म्हणजे उराकामीची इझाबेलिना युरी सुगिमोतो, असं तिथं परंपरेनं सांगतात. फादरांनी त्यांना मारियेच्या मूर्तीपाशी नेलं. कडेवर बाळ पाहून त्यांची खात्रीच पटली. बोलता बोलता त्यांनी विचारलं, आज दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस, तुम्हीही पाळता ना? ईस्टरआधीचा उपवासकाळ त्या वर्षी १ मार्चला सुरू झाला होता. मोजून बघा, १७ मार्च हा बरोब्बर सतरावा दिवस. दोनशे वर्षं फादर नाही, छापील पंचांग नाही आणि हिशेबात एका दिवसाचीही चूक नाही!

मला राहून राहून वाटतं, त्या दिवशी परीक्षा फादरांची होती. युरीबाईंनी त्यांना पुस्तकातलं काही विचारलं नाही. आपल्या आईनं, आजीनं जिचं नाव सांगितलं, ती तुमच्याकडे आहे का, एवढंच विचारलं. हा प्रश्न विचारायला पन्नाशीतली एक शेतकरी बाई पुढं झाली. पकडली गेली असती तर मरणाची शिक्षा होती.

आणि तसंच झालं. उराकामीत गुपचूप चार प्रार्थनाघरं उभी राहिली. फादर जपानी कपडे घालून रात्री यायचे. १८६७ साली लोकांनी अंत्यविधीला बौद्ध भिक्षूंना बोलवायचं नाकारलं आणि गुपित उघडं पडलं. धरपकड सुरू झाली. पुढच्याच वर्षी जपानमध्ये सत्ता बदलली, पण नव्या सरकारनंही बंदी उठवली नाही. सुमारे ३४०० माणसं, म्हणजे जवळजवळ सगळं गाव उचलून देशातल्या वीसेक ठिकाणी हद्दपार केलं. उपासमार, मारहाण, थंडीत बर्फाच्या पाण्यात उभं करणं, सगळं झालं. हागी इथं त्सुरू नावाच्या बावीस वर्षांच्या मुलीचे कपडे उतरवून तिला थंडीवाऱ्यात दगडावर बसवून ठेवलं, तरी ती बधली नाही. सुमारे हजार जणांनी छळापुढं मान तुकवली. सहाशेहून जास्त जण परत आलेच नाहीत. परदेशांतून टीका होऊ लागली, तेव्हा १८७३ साली बंदी उठली आणि उरलेले लोक गावी आले. त्या हद्दपारीला ते 'प्रवास' म्हणत. नुसतं 'प्रवास'! बायका बाळंतपणाच्या कळांना 'जरा दुखलं' म्हणतात ना, तसंच.

गावी येऊन पाहतात तर काय, घरं मोडलेली, शेतं पडीक. पुढच्याच वर्षी, १८७४ साली, गावात हगवणीची साथ आली. फ्रेंच फादर द रोत्झ औषधाची पेटी घेऊन धावले. त्यांच्या मदतीला उभ्या राहिल्या चार तरुण मुली. त्यांच्यात पुढं होती पंचवीस वर्षांची माकी इवानागा. ओकायामाकडच्या हद्दपारीत तिनं घरची माणसं गमावली होती. साथ आपल्या घरी न्यायला नको म्हणून या मुली घरी जायच्याच नाहीत, एका कोठारात झोपायच्या. मागोमाग जवळच्या एका बेटावर देवीची साथ आली. तिथून परतताना माकीच्या कडेवर एक पोरकं बाळ होतं. तामी तिचं नाव.

पुढं असं झालं, की एका बाळामागून दुसरं आलं, दुसऱ्यामागून तिसरं. माकी आणि तिच्या मैत्रिणींनी लग्न केलं नाही. एकत्र राहिल्या, शेती केली, कष्टाच्या कमाईवर मुलं वाढवली. लोक त्यांच्या घराला 'बायकांची खोली' म्हणायचे. पुढं त्यातूनच सिस्टरांचा एक संघ उभा राहिला. आज आपल्या बचत गटातल्या बायका एकमेकींच्या आधारानं उभ्या राहतात ना, तसंच काहीसं. माकी १९२० साली वारली तोवर शेकडो पोरकी मुलं तिच्या हाताखालून गेली होती. तिनं सुरू केलेलं ते अनाथालय आजही उराकामीत आहे.

लक्षात घ्या, तोवर उराकामीत धड चर्चसुद्धा नव्हतं. आधी पाळणा हलला, मग घंटा वाजली.

चर्चसाठी जागा घेतली ती १८८० साली. आणि कुठली जागा? त्याच पाटलाचा वाडा, जिथं दरवर्षी प्रतिमेवर पाय द्यायला लावायचे! ज्या जमिनीवर आजीनं पाय दिला, त्याच जमिनीवर नातीनं गुडघे टेकले. असा न्याय क्वचितच पाहायला मिळतो.

पक्क्या विटांच्या चर्चचं काम १८९५ साली सुरू झालं. गरीब गाव, पैसा संपायचा, काम थांबायचं. गावकऱ्यांनीच विटा वाहिल्या, स्वतः बांधकामाला हात लावला. १९१४ साली चर्च पुरं झालं, १९२५ साली दोन मनोरे चढले. पूर्व आशियातलं ते सर्वांत मोठं चर्च मानलं जायचं.

आणि मग ९ ऑगस्ट १९४५, सकाळी ११ वाजून २ मिनिटं. बाँब फुटला तो या चर्चपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. धर्मग्रामातल्या सुमारे १२ हजार माणसांपैकी साडेआठ हजार गेली. त्यात मिदोरी नागाई होती. पूर्वी गावाचं गुप्त पंचांग सांभाळणाऱ्या घराण्यातली ती लेक. तिचे डॉक्टर पती ताकाशी नागाई घरी पोचले तेव्हा स्वयंपाकघराच्या जागी तिची थोडीशी हाडं आणि जवळ वितळलेली जपमाळ सापडली. गुप्त प्रार्थनांचा तो धागा चुलीपाशीच होता, शेवटपर्यंत.

धर्मग्राम तरीही संपला नाही. ढिगाऱ्यातून एक घंटा अखंड निघाली. लोकांनी ती तिकाटण्याला टांगली आणि त्याच वर्षीच्या नाताळच्या आदल्या रात्री वाजवली. १९५९ साली चर्च पुन्हा उभं राहिलं. दुसऱ्या मनोऱ्यातली फुटलेली घंटा मात्र राहूनच गेली होती. अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी, त्याच ११ वाजून २ मिनिटांनी, दोन्ही घंटा ऐंशी वर्षांनी एकत्र वाजल्या.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही देऊळ असेल, चर्च असेल, दर्गा किंवा बुद्धविहार असेल. तो कुणी बांधला हे कुठं तरी लिहिलेलं असतं. तो कुणी जपला हे विचारावं लागतं. घरातल्या, शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशेजारी एक दिवस जाऊन बसा. तिला काय पाठ आहे ते म्हणायला लावा आणि वहीत उतरवून घ्या. अर्थ लागला नाही तरी चालेल. उराकामीच्या बायकांना तरी कुठं सगळा लागत होता!