वक्र तरवारीचा उगम

मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतील भटका घोडेस्वार डोळ्यांपुढें आणावा, तों त्याच्या हातीं बांकदार तरवार हटकून येते. परंतु हें चित्र बऱ्याच उत्तरकाळचें आहे. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारानें वर्णिलेले शक लोक 'अकिनाकेस' नांवाचें लोखंडी शस्त्र युद्धदेवतेचें प्रतीक म्हणून पूजीत. तें आंखूड, सरळ व दुधारी असे. पुढें सर्मातीय आणि हूण यांच्या तरवारी लांब झाल्या, तरी सरळच राहिल्या.

बांक आला तो पायरीपायरीनें. प्रथम दोहोंपैकीं एक धार गेली. एकाच बाजूस धार ठेविली म्हणजे पाठ जाड राखतां येते आणि अरुंद पातेंहि मजबूत राहतें. मग मूठ धारेच्या बाजूस किंचित् कलली, आणि इ. स. च्या सातव्या शतकाच्या अखेरीस व आठव्या शतकांत तुर्क, खझार, अवार अशा लोकांच्या थडग्यांत किंचित् वळलेलीं पातीं आढळूं लागतात.

या बांकाचा उपयोग स्वयंपाकघरांतहि उमगतो. विळीवर भाजी नुसती दाबण्यापेक्षां सरकवीत नेली, तर ती सहज चिरली जाते. वांकडें पातेंहि घाव बसतांना असेंच सरकत जातें. धांवत्या घोड्यावरून ओझरता वार करणाऱ्यास हा गुण मोलाचा होता.

याचें सारें श्रेय पुष्कळदां रिकिबीला दिलें जातें. इ. स. ५६८ मध्यें डॅन्यूबच्या खोऱ्यांत उतरलेल्या अवारांनीं लोखंडी रिकीब युरोपांत नेली, हें खरें. पण युरोपीय सरदार रिकिबींत पाय रोवूनहि शतकानुशतकें सरळ तरवारच चालवीत. मराठी स्वाराची धोपहि सरळच असे. वेगवान चढाई करणाऱ्या, हलक्या शस्त्रांच्या स्वारांनाच बांक विशेष मानवला.

नवव्या शतकाच्या अखेरीस मॅग्यार लोकांनीं ही तरवार हंगेरींत नेली. व्हिएन्ना येथें शार्लमेनची म्हणून जपलेली तरवार वस्तुतः त्याच घाटाची, त्याच्या मृत्यूनंतरच्या काळांतली आहे. तेराव्या शतकांतील मंगोल स्वाऱ्यांनंतर इराणांत बांक रूढ झाला आणि सोळाव्या शतकापासून तो अधिकच खोल गेला. मराठींत आलेला 'समशेर' हा शब्द मात्र त्याहून पुरातन आहे. ससानी इराणांत त्या नांवाची तरवार सरळ होती. नांव टिकलें, पातें वळलें.